सगळा भार दोन कड्यांवर : बकेट बॅगविषयी तुमचे प्रश्न

गोल तळ, तोंडाला नाडी आणि खांद्याला एक लांब पट्टा. बकेट बॅगमध्ये याहून फारसं काही नसतं, म्हणूनच ती बिघडते तीही ठरावीक चार-पाच जागीच. १९३२ साली पॅरिसच्या लुई व्हितों घराण्याने शॅम्पेनच्या पाच बाटल्या नेण्यासाठी ‘नोए’ नावाची बॅग बनवली. चार बाटल्या उभ्या आणि पाचवी मधोमध उलटी. आजच्या बहुतेक बकेट बॅगांचा घाट तोच आहे. ओझं वाहण्यासाठी जन्मलेली ही बॅग, आणि आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त तक्रारी मात्र पट्ट्याच्या आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : ‘ॲडजस्टेबल पट्टा’ असं वाचून लेदरची बकेट बॅग घेतली. एका खांद्याला अडकवली तर ती मांडीवर आपटते आणि आडवी घातली तर काखेत येते. उंची पाच फूट दोन इंच, रोज वाघोली ते खराडी स्कूटरने जाते. पट्टा नेमका केवढा हवा? — वाघोली

उत्तर : तुमच्या पट्ट्याला बक्कल आणि सहा-सात भोकं असणार. दोन भोकांमध्ये सहसा अडीच सेंटिमीटर अंतर असतं. सात भोकं म्हणजे सहा अंतरं, म्हणजे पट्टा फार तर १५ सेंमी लहानमोठा होणार. त्यात पट्टा दोन्ही बाजूंनी खाली उतरतो, त्यामुळे बॅग वरखाली होते ती जेमतेम साडेसात सेंमी. खांद्यावरची बॅग आणि आडवी घातलेली बॅग यांच्या उंचीत मात्र २५ सेंमीचा फरक असतो. तो साडेसातात बसणार कसा? बक्कलचा पट्टा स्वेटर घातल्यावर दोन भोकं सैल करण्यापुरता असतो. एकाच बॅगने दोन्ही कामं करायची तर सरकती कडी हवी, म्हणजे जिच्यातून पट्टा सरकवून हवा तेवढा लांब करता येतो ती, किंवा दोन वेगळे पट्टे.

माप घ्यायला एक नाडी पुरते. ती आडवी गळ्यात घाला, दोन्ही टोकं एकत्र धरून बॅगचा काठ जिथे यावा असं वाटतं तिथे चिमटीत पकडा आणि मग मोजा. तुमच्या उंचीला आडव्या बॅगसाठी खांद्यापासून काठापर्यंत ५२ ते ५५ सेंमी आणि नुसत्या खांद्यावर २५ ते ३० सेंमी सोयीचं पडतं. बॅगचं तोंड २२ सेंमी रुंद धरलं, तर हुकांसकट पट्टा आडव्यासाठी साधारण ११२ सेंमी आणि खांद्यासाठी ६० सेंमी लागेल. दुकानात जाताना हे दोन आकडे आणि मोजपट्टी जवळ ठेवा.

सरकत्या कडीची एक अडचण आधीच सांगायला हवी. तीन मिलिमीटरचं जाड लेदर त्या कडीतून नीट वळत नाही, कमानीसारखं उभं राहतं. त्यासाठी दीड ते दोन मिलिमीटरचं लेदर लागतं. आणि ते फार गुळगुळीत असेल, तर बॅग जड झाली की कडी हळूहळू घसरते आणि संध्याकाळपर्यंत बॅग चार बोटं खाली येते. रोज स्कूटर चालवत असाल तर साडेतीन-चार सेंमी रुंदीचा विणलेला कॅनव्हासचा पट्टा, दोन्ही टोकांना फिरते हुक, हा आमच्या मते सगळ्यात चांगला पर्याय. खांद्याच्या हाडावर तो रुततही नाही. लेदरचा पट्टा लग्नाकार्यासाठी राहू द्या.

स्कूटरच्या पुढच्या हुकाला बॅग पट्ट्याने अडकवू नका. रोज त्याच जागी घडी पडते, तिथला थर तडकतो आणि वर्षभरात तिथेच चीर दिसते. मागे बसणाऱ्यांनी लांब पट्ट्याची बॅग मांडीवर घेऊन पट्टा हातात गुंडाळावा. चाकाच्या बाजूला लोंबणारा पट्टा ओढणीइतकाच धोक्याचा आहे.

प्रश्न : नऊ हजारांची बॅग आठ महिन्यांत फाटली. पट्ट्याची कडी जिथे बॅगला जोडलेली आहे नेमकी तिथे. आत डबा, पाण्याची बाटली, चार्जर आणि पाकीट, एवढंच असतं. आता दुरुस्त होईल का? — सिंहगड रस्ता

उत्तर : होईल. पण आधी फाटण्याचं कारण ओळखा, नाहीतर दुरुस्तीही तिथेच फाटेल.

वजनाचा हिशेब असा. लिटरची भरलेली स्टीलची बाटली जवळजवळ सव्वा ते दीड किलो, भरलेला डबा किलोभर, बॅगचं स्वतःचं वजन पाऊण किलो. सगळं मिळून साडेतीन किलोच्या आसपास जातं आणि प्रत्येक कडीच्या वाट्याला पावणेदोन किलो येतं. नुसत्या लोंबत्या वजनाला चांगलं कातडं दाद देत नाही. पण गतिरोधकावरून गाडी उडाली की क्षणभर तोच भार दुप्पट-तिप्पट होतो. असे धक्के दिवसातून पंचवीस-तीस वेळा बसतात.

आता फाटलेली जागा उजेडात धरून बघा. चीर सरळ टाक्यांच्या रेषेतून गेली असेल, पोस्टाचं तिकीट फाडावं तशी, तर टाके फार जवळजवळ घातले होते. इंचाला सात ते नऊ टाके ठीक. बारा-तेरा घातले की शिवण दिसते सुबक, पण कातड्याची चाळण होते. रिबिटभोवतीचं भोक लांबट झालं असेल, तर आतून आधाराचा तुकडाच लावलेला नाही. कातडं शाबूत आणि फक्त दोरा तुटला असेल, तर तुमचं नशीब चांगलं, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि डी आकाराची कडीच जोडावर उघडली असेल, तर ती डाग न दिलेली, म्हणजे जोड झाळून न सांधलेली, नुसती वाकवलेली तार होती. तिच्या जागी डाग दिलेली किंवा ओतीव पितळी कडी बसवून घ्या.

पुण्यात कॅम्पात आणि पेठांमध्ये बॅग-सुटकेस दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. त्यांना काम नेमकं सांगा. तळाकडची अस्तराची शिवण उसवून आत जायचं. फाटलेल्या जागेच्या मागे पाच बाय सात सेंमीचा, दीड मिमी जाडीचा लेदरचा किंवा नायलॉन पट्टीचा तुकडा रबर सोल्यूशनने चिकटवायचा. कडीची पट्टी जुन्या भोकांवर न बसवता सेंटिमीटरभर खाली घ्यायची, चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालायची आणि वर दोन रिबिटं. शिवण हाताची असेल तर उत्तम. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सुटत जातात. हाताच्या शिवणीत एकाच मेणदोऱ्याची दोन टोकं दोन सुयांनी प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून राहते.

तोवर इन्स्टंट गोंद मात्र लावू नका. तो काचेसारखा कडक होतो, कातडं तिथेच मोडतं आणि पुढे कारागिराची आरीसुद्धा नीट जात नाही.

नवीन घेताना दुकानात दोन मिनिटं याच जागेला द्या. बॅगमध्ये हात घाला, कडीच्या मागे अस्तरावरून बोट फिरवा. आत जाडसर तुकडा लागला पाहिजे. नुसतं पातळ कापड लागलं, तर किंमत आणि नाव काहीही असो, ती बॅग डब्यासाठी नाही.

प्रश्न : ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का आहे. खरं लेदर कसं ओळखायचं? दुकानदार लायटरने जाळून दाखवत होता. — कोथरूड

उत्तर : जाळून काही कळत नाही. खऱ्या लेदरवरही रंगाचा आणि पॉलिशचा थर असतो, तो वितळतो, आणि बॅगला डाग पडतो तो कायमचा. पाण्याचा थेंब टाकण्याची युक्तीही अर्धीच. थर दिलेल्या खऱ्या लेदरमध्ये पाणी मुरत नाही.

पट्ट्याच्या भोकात बघा. कडा रंगवलेल्या असतात, पण पंचने पाडलेल्या भोकाची आतली भिंत सहसा कोणी रंगवत नाही. मोबाइलचा टॉर्च लावला की बॅगची सगळी कुंडली तिथे दिसते. दाट, बारीक, गुंतलेले तंतू दिसले तर कातडं. विणलेलं कापड आणि वर पातळ पापुद्रा दिसला तर पीयू, म्हणजे रेक्झिनचाच भाऊ. भुसा दाबल्यासारखं, नखाने चुरा निघणारं दिसलं तर बाँडेड, म्हणजे लेदरचा चुरा चिकटवून केलेलं. आणि वर-खाली लेदर, मध्ये पांढरा पुठ्ठा अशी भाकरीसारखी थरांची रचना दिसली, तर पट्टा वजनाने ताणून लवकर लांबेल. थरांमध्ये नायलॉनची पट्टी असेल तर मात्र ती चांगलीच गोष्ट आहे.

‘जेन्युइन’ या शब्दाने एवढंच कळतं की माल जनावराच्या कातड्याचा आहे. वरचा थर जसाच्या तसा ठेवला तर फुल ग्रेन, हलका घासून एकसारखा केला तर टॉप ग्रेन. खूप घासून वर नक्षी छापली तर करेक्टेड ग्रेन. खालचा सुटा थर घेऊन त्यावर पीयू चढवलं तर स्प्लिट. चारही ‘जेन्युइन’च. आयुष्य मात्र याच क्रमाने कमी होत जातं. विचारायचं ते ‘लेदर आहे का’ असं नाही, ‘कोणता थर’ असं.

कमावण्याची पद्धतही विचारून घ्या. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते सुरुवातीला कडक असतं, वापराने काळवंडत मऊ होतं आणि पाण्याचा डाग धरतं. तशा झाडपाल्याने कमावलेल्या लेदरची बॅग देखणी होते, पण तिला पावसात जपावं लागतं. बाजारातल्या बहुतेक मऊ बॅगा क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या असतात. त्यांच्या भोकात कधीकधी मधोमध निळसर करडी रेघ दिसते, ती याच क्रोमची. दोष नाही तो.

प्रश्न : दर पावसाळ्यात कपाटातल्या बॅगवर पांढरे ठिपके येतात. सासूबाई म्हणतात खोबरेल लावून पूस. लावू का? — सदाशिव पेठ

उत्तर : खोबरेल नको. डिसेंबरात बाटलीत गोठतं तेच तेल लेदरच्या तंतूंमध्येही गोठतं आणि पांढुरका थर होऊन वर येतं. शिवाय रंग गडद होतो, धूळ चिकटते, आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

आधी ते पांढरं बुरशीच आहे ना, हे बघा. कुबट वास, लोकरीसारखे उठावदार ठिपके, पुसल्यावर चार दिवसांनी पुन्हा हजर, अशी लक्षणं बुरशीची. वास नाही, मेणचट सपाट थर आहे, आणि हेअर ड्रायर हातभर लांबून काही सेकंद मारला की तो विरघळून नाहीसा होतो, तर ती लेदरमधलीच चरबी वर आलेली आहे. ती मऊ कापडाने पुसली की काम संपलं.

बुरशी असेल तर बॅग गॅलरीत न्या, घरात झटकू नका, बीजाणू कपाटभर पसरतात. नाकाला रुमाल बांधा. बॅग रिकामी करून अस्तर बाहेर ओढा. मऊ ब्रशने कोरडीच झाडा, शिवणींच्या खाचा आणि नाडीची भोकं विसरू नका. मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी एकत्र करा, कापड त्यात बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. त्याआधी तळाच्या कोपऱ्यात चाचणी घ्यायचीच, कारण अल्कोहोलने काही लेदरचा रंग सुटतो. कापडाला रंग लागला तर अल्कोहोल सोडा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पिळलेल्या कापडावर भागवा. त्यानंतर पूर्ण दिवस पंख्याखाली सावलीत. उन्हात नाही. पूर्ण वाळल्यावरच लेदर कंडिशनर, वाटाण्याएवढा घेऊन कापडाने पातळ पसरायचा. जास्त लावला तर तो मुरत नाही, वर चिकट राहतो.

मूळ दुखणं बॅगचं नाही, कपाटाचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या हवेत कितीतरी दिवस ८० टक्क्यांच्या वर दमटपणा असतो, आणि बंद कपाटात हवा हलत नाही. बुरशीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला कपाट टेकलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. बॅग प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा. आत जुनं धोतर किंवा साधा कोरा कागद भरा, म्हणजे गोल आकारही टिकतो. वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते. पन्नास ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. रंग बदलणारी, त्यातही नारिंगी, घ्या. ओल शोषून रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवली की पुन्हा कामाला तयार. डांबरगोळ्यांचा वास लेदरमधून महिनोन्‌महिने जात नाही, त्या नकोत. आणि आठवड्यातून एकदा तरी बॅग बाहेर काढून वापरा. वापरातल्या बॅगला बुरशी क्वचितच लागते.

भर पावसात भिजलीच तर घासू नका, टिपून घ्या. पट्टा काढून वेगळा, सपाट वाळवा, ओल्या पट्ट्याला बॅगचं वजन लावलं की तो कायमचा लांबतो.

प्रश्न : नाडी ओढून बांधली तरी बॅगचं तोंड उघडं पडतं. पीएमपीच्या बसमध्ये आणि तुळशीबागेच्या गर्दीत भीती वाटते. — हडपसर

उत्तर : नाडी घसरते ती गुळगुळीतपणामुळे. नाडीच्या जाडीचा घट्ट टॉगल घाला, म्हणजे दोन्ही टोकं ज्यातून जातात तो लेदरचा गोळा किंवा स्प्रिंगवाला खटका. आयलेटची, म्हणजे नाडी ओवायच्या कडी बसवलेल्या भोकांची, संख्या सम आहे ना, तेही मोजा. आठ, दहा किंवा बारा असतील तरच नाडीची दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला निघतात. विषम असतील तर एक टोक आत अडकतं आणि तोंड वाकडंच मिटतं. तरीही नाडीने बोटभर फट राहतेच. गर्दीसाठी आत चेनवालं पाऊच हुकाने कडीला अडकवा आणि पाकीट-मोबाइल त्यातच ठेवा.

प्रश्न : मामांनी अमेरिकेहून आणलेली जुनी ब्रँडेड बॅग. बाहेरून नवी दिसते, पण आतला खिसा चिकट झालाय, पापुद्रे हाताला लागतात. — औंध

उत्तर : आतलं अस्तर पीयूचा थर दिलेलं आहे. हवेतल्या ओलाव्याने तो थर वर्षानुवर्षं विघटित होत जातो, न वापरताही. तो पूर्ववत होत नाही, पावडर लावून चार दिवस निभतं इतकंच. बाहेरचं लेदर चांगलं असेल तर अस्तर काढून सुती ड्रिल किंवा कॅनव्हासचं घाला. बॅग आणखी पंधरा वर्षं चालेल.

प्रश्न : फिक्या तपकिरी बॅगला जीन्सचा निळा डाग पडलाय. — बाणेर

उत्तर : ताजा असेल तर लेदर क्लीनरने लगेच निघेल. महिना उलटला असेल तर रंग आत मुरला, तो पूर्ण जाणार नाही. नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर आणि टूथपेस्ट यांनी डागाबरोबर लेदरचा रंगही जातो. नवी जीन्स तीन-चार धुण्यांपर्यंत फिक्या बॅगबरोबर घालू नका.

प्रश्न : मनासारखी बॅग कारागिराकडून करून घ्यायची आहे. तळ २२ सेंमी, उंची २८. लेदर किती आणू, काय सांगू? — बिबवेवाडी

उत्तर : लेदर चौरस फुटावर मिळतं, म्हणून हिशेबही तसाच करू. तळाचा व्यास २२, म्हणजे घेर ६९ सेंमी. शिवणीचे दोन धरून अंगाचा तुकडा ७१ लांब. उंची २८, तोंडाची दुमड आणि खालची शिवण मिळून आणखी चार, म्हणजे ३२. तळाला २४ चा गोल, पट्ट्यासाठी ११५ बाय ५ ची पट्टी मध्ये दुमडून अडीच रुंद, आणि कड्यांच्या पट्ट्या. बेरीज ३,६०० चौरस सेंमीच्या थोडी वर, म्हणजे चार चौरस फुटांना जरा कमी. कातड्याला खरचटलेले, पातळ, वेडेवाकडे भाग असतात, म्हणून पाच चौरस फूट आणा.

जाडी अंगासाठी १.४ ते १.६ मिमी. शेळीचं मऊ लेदर मोहात पाडतं, पण एक मिमीच्या आतली बॅग रिकामी झाली की पोत्यासारखी बसते. पट्टा पाठीच्या कण्याच्या रेषेत कापायला सांगा. पोटाकडचं कातडं सैल असतं, त्याचा पट्टा महिन्याभरात ताणतो.

चुकतं ते तळ आणि अंग जोडताना. गोलाचा व्यास नुसता एक सेंमी चुकला तर घेर तीन सेंमीहून जास्त बदलतो आणि शिवणीत चुण्या पडतात. गोलाचे आणि अंगाचे चार-चार समान भाग करून खुणा जुळवायच्या, शिवणीची कडा रापीने, म्हणजे कातडं तासायच्या सुरीने, ताशून ०.७ मिमीपर्यंत पातळ करायची आणि मगच शिवायचं. आधी जाड कागदावर कापून, चिकटपट्टीने जोडून पूर्ण आकार बघा. त्यात तुमचा डबा उभा ठेवून पाहा, तो आडवा पडत असेल तर तळ दोन सेंमी वाढवायची वेळ हीच.

तळात पुठ्ठा नको, तो एका सांडलेल्या आमटीत फुगतो. तीन मिमी प्लास्टिकचा गोल, व्यास आतल्या मापापेक्षा अर्धा सेंमी कमी, काढघालीचा ठेवा. बाहेरून तळाला पितळी पायटे, म्हणजे बुटके पाय, चार, नाहीतर फरशीवर टेकून तळाची शिवणच आधी झिजते.

आणि उरलेला तुकडा कारागिराकडे सोडू नका. दोन वर्षांनी कडीची पट्टी बदलायची वेळ आली की त्याच कातड्याचा, त्याच रंगाचा तुकडा बाजारात मिळत नाही.